जुन्या नांगर, इंजिन आणि ट्रॅक्टरच्या जाहिराती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या शेतीयंत्रांच्या मराठी जाहिराती जमवणाऱ्या, किंवा नुसत्या बघून हरखणाऱ्या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'जुनी जाहिरात' म्हणजे नेमकी कोणत्या काळातली धरायची?

ठोस रेघ कुणी आखलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर विकायला निघाला तेव्हापासून ते १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, असा काळ आम्ही धरतो. त्यानंतर टीव्ही गावोगाव पोचला, छपाई रंगीत गुळगुळीत झाली, आणि मोटारसायकलची जाहिरात कुठली नि ट्रॅक्टरची कुठली हे नाव वाचल्याशिवाय कळेनासं झालं. हे आमचं मत. तुमच्याकडे १९९५ चं कॅलेंडर असेल आणि ते तुम्हाला जुनं वाटत असेल तर खुशाल जपा.

२. विषय ट्रॅक्टरचा आहे ना? मग नांगर, इंजिन, कुट्टी यंत्रं मध्येच कशाला?

कारण महाराष्ट्रात यंत्र शेतात शिरलं ते ट्रॅक्टरवर बसून नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. गिऱ्हाईक फिरकेना. लोखंड लागलं की जमीन नासते, विषारी होते, अशी समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर कारखाना उभा राहिला. तीच किर्लोस्करवाडी.

आता ज्या मालाला गिऱ्हाईक घाबरतं, त्याची जाहिरात करायची कशी? नाव आणि किंमत छापून भागत नाही. नांगरट खोल का हवी, हरळी-कुंद्यासारखं चिवट तण मुळासकट कसं निघतं, फाळ झिजला तर काय करायचं, बैल किती जोडायचे, हे सगळं समजावून सांगावं लागतं. त्यामुळे त्या काळची यंत्राची जाहिरात अर्धी जाहिरात आणि अर्धा धडा असायची. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली तीही कारखान्याच्या मालाची खबरबात द्यायला. तिचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि नांगराच्या घराण्यातून आलेलं हे मासिक मराठी घरांत कथा-कविता घेऊन गेलं.

साताऱ्याजवळ सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला तो १९२२ मध्ये. कूपरचे नांगर आणि नंतरची डिझेल इंजिनं आजही जुन्या लोकांच्या बोलण्यात येतात. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत.) मोट गेली आणि विहिरीवर ऑइल इंजिन आलं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही पुण्याच्या खडकीची कंपनी १९४६ ची. देशात बनलेला ट्रॅक्टर या सगळ्यांच्या मागून आला. नांगर-इंजिन वगळून बसलात तर गोष्ट मध्यंतरापासून बघितल्यासारखी होईल.

३. आमच्या घरी ट्रॅक्टर कधीच नव्हता. तरी या जाहिराती पाहून भरून का येतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

१९६० च्या दशकात आणि सत्तरीच्या सुरुवातीला ट्रॅक्टरला मागणी उदंड आणि पुरवठा तुटपुंजा होता. पैसे असले तरी नंबर लावून थांबावं लागे. बऱ्याच गावांत एखाद-दुसरा ट्रॅक्टर, तोही बागायतदाराकडे नाहीतर साखर कारखान्याच्या संचालकाकडे. बाकी गावाला ट्रॅक्टर दिसायचा तो सोसायटीच्या कचेरीत, केस कापायच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत टांगलेल्या कॅलेंडरवर. म्हणजे तुमच्या आठवणीत जो ट्रॅक्टर आहे तो मुळातच चित्रातला आहे. नंबर येईपर्यंत भिंतीवर बघून ज्याची पारायणं केली, त्याचं चित्र साठ वर्षांनी समोर आलं तर गलबलणारच.

इंजिनाचं वेगळं. ते पुष्कळांकडे होतं. हँडल मारताना छातीत भरणारा दम, एक्झॉस्टमधून निघणारा पहिला काळा भपका, रात्री पाणी धरताना दोन रानांपलीकडून येणारा ठेका. चित्र बघितलं की कानच आधी जागे होतात.

एक मात्र सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हीच जाहिरात दाखवून बघा. ज्यांनी इंजिनासाठी सोसायटीचं कर्ज काढलं आणि हप्ते फेडता फेडता बायकोची पाटली मोडली, त्यांचं भरून येणं निराळं असतं. काही जण चित्राकडे बघतही नाहीत.

४. या जाहिराती यायच्या तरी कुठे कुठे?

मासिकं, दिवाळी अंक, शेतीविषयक नियतकालिकं, वर्तमानपत्रं हे झालं उघड. त्याखेरीज कॅलेंडरं, पंचांगांची मलपृष्ठं, साखर कारखान्यांचे अहवाल, सहकारी संस्थांच्या स्मरणिका, जत्रेच्या आणि कुस्तीच्या मैदानाच्या हँडबिलांची खालची बाजू. दुकानांवर इनॅमलचे पत्रे. रस्त्याकडेच्या भिंतींवर पेंटरने रंगवलेली अक्षरं. एसटी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिल्यांदा धावली. पुढे स्टँड वाढले तशा स्टँडच्या भिंतीही जाहिरातींनी भरल्या. तंबूतल्या सिनेमात मध्यंतराला काचेच्या स्लाइड. विविध भारतीवर १९६७ पासून आणि दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती लागू लागल्या, पण ऐकलेलं-बघितलं कागदासारखं पेटीत राहत नाही.

स्मरणिका आणि संस्थांचे अहवाल यांकडे कुणी बघत नाही. स्थानिक विक्रेत्यांच्या जाहिराती मात्र तिथेच सापडतात.

५. जाहिरातीवर तारीख नाही. काळ कसा ओळखायचा?

चित्र सोडा, खालची पट्टी वाचा. विक्रेत्याचं नाव-गाव-पत्ता असलेली ती अरुंद पट्टी हा या सगळ्या छंदाचा प्राण आहे. चित्राचा ठोकळा, म्हणजे छापखान्यातला ब्लॉक, एकदा बनवला की झिजेपर्यंत वापरत. त्यामुळे चित्र फार तर 'याच्या आधीचं नाही' एवढं सांगतं. पत्ता मात्र छापताना खरा असावाच लागतो, नाहीतर माल मागायला माणूस येणार कुठे?

पत्त्यात काय बघायचं ते सांगतो. 'मुंबई इलाखा' किंवा एखाद्या संस्थानाचं नाव असेल तर कागद स्वातंत्र्याच्या आसपासचा किंवा आधीचा. 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. सर्वांत मौल्यवान खूण म्हणजे 'जि. दक्षिण सातारा'. हा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. तेव्हा पत्त्यात 'दक्षिण सातारा' दिसलं की अकरा वर्षांच्या आत तुम्ही येऊन पोचलात. 'पूर्व खानदेश', 'पश्चिम खानदेश' ही नावंही त्याच सुमाराला जाऊन जळगाव आणि धुळे आली. 'जि. कुलाबा' असेल तर १९८१ च्या आधीचा, कारण मग रायगड झालं. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १९८१ चे, लातूर १९८२ चा.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. सहा आकडी पिन असेल तर त्यानंतरचा कागद, हे नक्की. पिन नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. गावाकडच्या दुकानदारांनी पुढे कित्येक वर्षं तो लिहिला नाही.

किमतीत आणे असतील तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं, कारण जून १९६४ मध्ये 'नये' गेलं आणि नुसते पैसे उरले. 'शेतांत', 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार दिसले तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा मजकूर असण्याचा संभव जास्त. पण जुन्या वळणाचा मुद्रितशोधक नंतरही अनुस्वार देतच राहिला, म्हणून हा पुरावा दुय्यम.

कंपन्यांची नावंही बोलतात. 'मॅसी-हॅरिस-फर्ग्युसन' हे लांबलचक नाव १९५३ ते १९५८ एवढंच टिकलं, पुढे नुसतं मॅसी फर्ग्युसन. 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' असेल तर १९६३ ते १९७७. मग ती महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. आयशरचा इथे बनलेला ट्रॅक्टर असेल तर एप्रिल १९५९ नंतरचा, कारण फरीदाबादच्या कारखान्यातून पहिला तेव्हाच बाहेर पडला.

दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळल्या तरच साल लिहा. एकाच खुणेवर विसंबून पेनने पाठीमागे साल टाकू नका. पेन तर नकोच (प्र. १०).

६. नाव फाटून गेलंय, ट्रॅक्टर तेवढा दिसतो. कोणता ते कसं ओळखू?

काळ्या-पांढऱ्या छपाईत रंग नसतो, म्हणून आकाराकडे बघा. सिलिंडरवर आडव्या पंखांच्या चकत्या दिसत असतील आणि पुढे रेडिएटरची जाळी नसेल तर हवेने थंड होणारं इंजिन, म्हणजे सुरुवातीचा आयशर असण्याची शक्यता. लहान, ठेंगणा, गोल नाकाचा आणि मागे अवजार अधांतरी उचललेला असेल तर फर्ग्युसन टीई-२०. हा करड्या रंगाचा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात पाच लाखांहून जास्त बनला. मागचं अवजार तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलायची हॅरी फर्ग्युसनची पद्धत आज बहुतेक सगळ्याच ट्रॅक्टरांना असते, पण तेव्हा तीच विकायची गोष्ट होती. म्हणून चित्रात अवजार उचललेलंच दाखवत.

एचएमटीचा पहिला ट्रॅक्टर चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या सहकार्याने पिंजोरला बनला, त्यामुळे त्या दोघांची चित्रं जुळी भावंडं वाटतात. स्वराज ७२४ हा १९७० च्या दशकाच्या मध्यावरचा, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या आराखड्यावर बनलेला. परदेशी भागीदार नाही, ही त्याची ऐट त्याच्या नावातच आहे.

७. चित्रातला शेतकरी कायम हसतोच कसा? आणि बाई कुठे असते?

बाई दोनच ठिकाणी असते: डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावर, नाहीतर पिकात उभी राहून कौतुकाने बघत. खुरपणारी, वेचणारी, पाणी धरणारी बाई, म्हणजे शेतीतलं निम्म्याहून जास्त काम करणारी, यंत्राच्या चित्रात जवळपास नसतेच. बैलसुद्धा तिच्यापेक्षा जास्त वेळा दिसतात. बाजूला झाडाखाली निवांत बसलेले, कारण यंत्रामुळे त्यांना विसावा मिळाला हे दाखवायचं असतं. बाईला विसावा मिळाल्याचं चित्र आमच्या बघण्यात नाही.

पुरुष मात्र पटका बांधलेला, धोतर पांढरंशुभ्र, हात स्टिअरिंगवर. डिझेलने माखलेलं धोतर कुणी विकत घेत नाही, हे खरं असलं तरी ट्रॅक्टरवर बसून इतकं पांढरं राहता येतं यावर गावात कुणाचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही.

८. जाहिरातीतले दावे खरे होते का? 'दिवसात इतके एकर' वगैरे?

धडधडीत खोटे क्वचितच, सोयीचे मात्र बहुतेक. 'दिवसात इतके एकर' हा आकडा हलक्या, वाफसा आलेल्या (म्हणजे नांगरायला बेताची ओल असलेल्या), चौकोनी रानातला असायचा. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या चिकण रानात, तेही तुकड्या-तुकड्यांत वळत वळत, तो निम्म्यावर येई. अश्वशक्तीचंही तसंच: इंजिनाच्या चाकावर मोजलेली आणि नांगराला प्रत्यक्ष मिळणारी ओढ यांत अंतर असतं, आणि जाहिरातीत नेहमी मोठा आकडाच छापतात.

हा घोळ जगभरचा. अमेरिकेत ट्रॅक्टरवाल्यांच्या फसव्या दाव्यांना कंटाळून नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदाच केला की चाचणी झाल्याशिवाय तिथे ट्रॅक्टर विकायचा नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या बुदनीचं केंद्र १९५५ चं. ट्रॅक्टरच्या चाचण्या तिथे होतात.

इंजिनांच्या जाहिराती त्यामानाने सरळ. पाच अश्वशक्ती, १५०० फेरे, असं लिहिलं असलं की विहिरीच्या खोलीवरून पाणी किती निघेल याचा हिशेब गावातला मिस्त्रीसुद्धा मांडायचा. जाहिरातीत काय नाही, तेही बघत जा. डिझेल कुठून आणायचं, सुटा भाग मोडला तर किती दिवस थांबायचं, हप्ता किती, यांवर फारसं काही नसतं.

९. इंग्लंड-अमेरिकेच्या कंपनीची मराठी जाहिरात सापडली. बनावट असेल का?

नसावी. परदेशी यंत्रं इथे मुंबईच्या एजंटांमार्फत येत, आणि चित्राचा ब्लॉक तिकडून येऊन मजकूर इथे मराठीत जुळवत. त्यामुळे चित्रात ओसाड युरोपी माळ, टोपी घातलेला चालक, आणि खाली अस्सल मराठी मजकूर असा मजेदार जोड दिसतो. पुढे पूर्व युरोपातून झेटॉर, उर्सुस, बेलारूस आले. आयात यंत्रांच्या वाटपात राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांचा हात होता, महाराष्ट्राचं महामंडळ १९६५ चं. तेव्हा सरकारी नाव आणि परदेशी ट्रॅक्टर एकत्र दिसले तर चक्रावू नका.

खरी फसगत नावांत होते. 'फील्ड मार्शल' नावाचा एका सिलिंडरचा ट्रॅक्टर इंग्लंडातल्या गेन्सबरोच्या मार्शल कंपनीचा. आणि त्याच नावाची डिझेल इंजिनं राजकोटची. चित्रात मोठी चाकं आणि स्टिअरिंग आहे की फाउंडेशनवर बसवलेलं इंजिन, एवढं बघितलं की उलगडा होतो.

१०. आजोबांच्या पेटीत जाहिरातींचे कागद निघाले. कसे जपू?

आधी काहीच करू नका. पेटीचा फोटो काढा, कशाच्या खाली काय होतं ते लिहून ठेवा. मग कागद सावलीत, कोरड्या हवेत उलगडा. ऊन दाखवू नका. कसर-वाळवी मरेल म्हणून लोक उन्हात टाकतात आणि शाईच उडून जाते. घड्या कडक झाल्या असतील तर जोर लावू नका, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर हलकं वजन ठेवा आणि काही दिवस वाट बघा.

वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, तो आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो. ते थांबवता येत नाही, लांबवता येतं. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, आडवे, अंधारात, पावसाळ्यात दमट होणार नाही अशा जागी ठेवा. चिकटपट्टी कधीही नाही; तिचा डिंक दहा-पंधरा वर्षांत तपकिरी डाग पाडतो. नोंद करायची तर मऊ पेन्सिलने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात.

आणि साफसफाईच्या भरात पुसू नका. आमच्याकडे एका इंजिनाच्या जाहिरातीचं पान आहे. वर यंत्राचं रेघांनी काढलेलं चित्र, नटबोल्टसुद्धा मोजता येईल इतकं बारीक. मागून सूर्यासारखे किरण. पाइपातून पाटात कोसळणारी मांडीएवढी जाड पाण्याची धार. खालच्या पट्टीत विक्रेत्याचा जांभळा रबरी शिक्का, वाकडा उमटलेला. आणि समासात पेन्सिलने कुणीतरी बेरीज मांडली आहे: एकाखाली एक चार रकमा, खाली रेघ, उत्तर, मग त्या उत्तराला भागलेलं, आणि भागाकार अर्ध्यावर सोडून दिलेला. चित्र कितीही सुंदर असलं तरी आलेली माणसं थबकतात ती त्या पेन्सिलीपाशी. खोडरबर घेऊन बसलेल्या उत्साही पुतण्यांना हे आधी सांगून ठेवा.

११. लॅमिनेट करून घेतलं तर कायमचं टिकेल ना?

नाही. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही आणि आतल्या आत कागद खराब होतच राहतो. शिक्का, पेन्सिल, कागदाचा पोत सगळं गेलं समजा. भिंतीवर लावायचं असेल तर स्कॅन करून (प्र. १५) त्याची छापील प्रत फ्रेम करा.

१२. इनॅमलचा पत्रा गंजलाय. घासून, रंगवून नवा करावा का?

अजिबात नको. इनॅमल म्हणजे रंग नव्हे. पोलादी पत्र्यावर काचेची पूड पसरून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवून बसवलेला थर. त्यावर ऑइल पेंट फासलात तर पत्रा 'नवा' दिसतो आणि जाणकाराच्या लेखी कवडीमोल होतो. मऊ फडकं, कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, लगेच कोरडं पुसणं, एवढंच. उघड्या गंजावर पातळ मेण चोळलं तर तो पसरायचा थांबतो. लिंबू, चिंच, ॲसिड यांचे घरगुती प्रयोग पितळेच्या भांड्यांपुरते ठेवा.

१३. विकत घेतोय तो पत्रा किंवा कागद खरा आहे की नव्याने बनवलेला?

पत्रा असेल तर अक्षराच्या कडेवरून नख फिरवा. जुन्या इनॅमलवर रंगागणिक वेगळी भट्टी लागे, म्हणून रंगाची कड नखाला पायरीसारखी लागते. नव्या नकलेवर सगळं एकसपाट असतं. गंज कुठे आहे तेही बघा. खरा गंज खिळ्याच्या भोकांपासून आणि टवका उडालेल्या जागेपासून सुरू होतो. नकलेवर तो मधोमध, देखण्या ठिकाणी, ठरवून रंगवलेला असतो.

कागदासाठी भिंग घ्या. जुन्या लेटरप्रेस छपाईत अक्षर कागदात किंचित दबलेलं असतं, पाठीमागून बोटाला जाणवतं. इंकजेटच्या प्रतीत अक्षराची कडसुद्धा रंगीत ठिपक्यांची दिसते. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा असतो. खरा जुना कागद कडांना जास्त आणि मध्ये कमी पिवळा पडतो.

आणि नक्कल करणारे बहुधा खालची पट्टी गाळतात, किंवा तिथे ज्या काळात शक्य नाही असा पत्ता टाकतात. प्र. ५ मधल्या खुणा इथेही लावून बघा. १९५० ची म्हणून विकायला आणलेल्या जाहिरातीवर सहा आकडी पिनकोड असेल तर विक्रेत्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

१४. गावात भिंतीवर रंगवलेली जुनी जाहिरात आहे, घर पाडणार आहेत. काय करता येईल?

भिंत वाचवणं बहुतेक वेळा तुमच्या हातात नसतं. फोटो काढा: एक पूर्ण भिंतीचा, समोरून, कॅमेरा सरळ धरून, मग तुकड्यातुकड्याने जवळून, आणि एक आजूबाजूच्या रस्त्यासकट. सकाळच्या तिरप्या उजेडात पुसट अक्षरं उठून दिसतात. भिंत ओली केली तर रंग खुलतो खरा, पण मातीच्या भिंतीला ते करू नका. एका कोपऱ्यात पेंटरचं नाव असतं, ते शोधा. तो किंवा त्याची मुलं तालुक्याच्या गावी अजून पाट्या रंगवत असतील तर त्यांच्याकडून जेवढं कळेल तेवढं कुठल्याच छापील कागदात मिळणार नाही.

१५. मोबाइलचा फोटो पुरे आहे का, की स्कॅनच हवा?

दाखवायला मोबाइल पुरे, ठेवायला स्कॅन. किमान ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात इतके ठिपके), बारीक मजकूर किंवा लहान तुकडा असेल तर ६००. जुन्या छापील छायाचित्रांत ठिपक्यांची जाळी असते, कमी डीपीआयला त्यावर लाटा उमटतात. डीपीआय वाढवा, मग लागेल तसा आकार कमी करा. पान पूर्ण घ्या, कडा आणि खालच्या पट्टीसकट. मागची बाजूही स्कॅन करा. दुसऱ्या बाजूच्या बातमीवरून साल सापडल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

१६. जुन्या अंकातून जाहिरातीचं पान कापून फ्रेम करू का?

अंक पूर्ण असेल तर नका कापू. पान सुटलं की तारीख गेली, शेजारी काय छापलं होतं ते गेलं, वाचक कोण होता ते गेलं. अंक आधीच सुटा, कसरीने खाल्लेला, मुखपृष्ठाविना असेल तर गोष्ट वेगळी. तरी अंकाचं नाव आणि महिना पानामागे पेन्सिलने लिहा.

१७. अशा जाहिराती बघायला कुठे मिळतील?

जुन्या ग्रंथालयांत, मासिकांच्या बांधीव खंडांत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय ही शंभर वर्षांवरची ठिकाणं. शेतीच्या नियतकालिकांसाठी राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांची ग्रंथालयं. एक अडचण आधीच सांगतो: अंक बांधून घेताना जाहिरातींची पानं फाडून टाकायची पद्धत कित्येक ठिकाणी होती. मजकूर जपला, जाहिरात रद्दीत. म्हणून न बांधलेले सुटे अंक दिसले तर आधी ते मागा.

१८. जुनी जाहिरात टी-शर्टवर, कपावर छापून विकली तर चालेल?

इथे दोन वेगळे हक्क आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला कॉपीराइट. भारतात निनावी चित्र किंवा मजकूर असेल तर प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं. चित्रकाराचं नाव माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९६० मध्ये छापलेल्या निनावी चित्राचा हक्क २०२० अखेर संपला. दुसरा ट्रेडमार्क. कंपनीचं नाव आणि चिन्ह दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ राखता येतं. चित्र मोकळं झालं तरी त्यावरचं नाव मोकळं झालेलं नसतं, आणि यातल्या बऱ्याच कंपन्या आजही धंद्यात आहेत. अभ्यासासाठी, लेखात दाखवण्यासाठी वापरणं एक आणि त्या नावाचा माल विकणं दुसरं. विकायचं असेल तर कंपनीला लेखी विचारा आणि वकिलाला दाखवा.

१९. माझ्याकडच्या कागदाची किंमत किती येईल?

आम्ही किंमत सांगत नाही. साधारण कल म्हणाल तर इनॅमल पत्रा सर्वांत वर, मग पूर्ण कॅलेंडर, मग सुटं पान.

२०. वडील इंजिन-ट्रॅक्टरचे विक्रेते होते. दुकानाची पावतीपुस्तकं, नोंदणीवह्या, हमीपत्रं पडून आहेत. ती 'जाहिरात' धरायची का?

जाहिरात नाहीत, पण जाहिरातींपेक्षा मोलाची आहेत. कुठल्या गावाने कोणत्या साली कोणतं यंत्र घेतलं, नंबर लावून किती दिवस थांबले, जुन्याच्या बदल्यात काय दिलं, हे जाहिरातीत कधीच कळत नाही. सगळं एकत्र ठेवा. कॅटलॉग एकीकडे आणि वह्या दुसरीकडे अशी वाटणी भावाभावांत करू नका. देणगी द्यायची असेल तर एकाच संस्थेला, यादीसह, पोच घेऊन.

फक्त वह्यांचे फोटो सरसकट सगळ्यांसमोर टाकण्याआधी एकदा वाचून बघा. थकबाकीच्या रकान्यात नावं असतात, आणि त्या नावांची नातवंडं अजून त्याच गावात राहतात. तेवढा रकाना झाका आणि मग खुशाल दाखवा.